तारा काढल्यानंतरचा रिटेनर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दातांच्या तारा निघाल्या किंवा अलाइनरचा, म्हणजे दात सरकवणाऱ्या पारदर्शक आवरणांचा, शेवटचा संच संपला की उपचार पूर्ण झाले असे बहुतेकांना वाटते, आणि हाती आलेली रिटेनरची, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनाची, डबी ही एक किरकोळ पुरवणी समजली जाते. प्रत्यक्षात दात जागेवर आणणे हा उपचाराचा पहिला भाग असतो आणि ते त्या जागी राखणे हा दुसरा. पहिल्या भागाची जबाबदारी मुख्यतः ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ दंतवैद्यांकडे, असते, तर दुसऱ्या भागाची जवळजवळ सगळी रुग्णाच्या हाती असते. म्हणून येथे दिलेली उत्तरे थोडी सविस्तर आहेत. आपल्या ऑर्थोडॉन्टिस्टने वेगळी सूचना दिली असेल तर तीच पाळावी, कारण आपले दात मुळात कसे होते आणि ते कुठून कुठे हलवले गेले हे त्यांना ठाऊक असते.

दात सरळ झाले आहेत, मग रिटेनर कशासाठी घालायचा?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचा एक पातळ थर असतो आणि दात त्या तंतूंनी हाडाला बांधलेला असतो. तारांच्या सौम्य, सततच्या दाबामुळे मुळाच्या एका बाजूचे हाड विरघळते, दुसऱ्या बाजूला नवे हाड तयार होते आणि दात हळूहळू सरकतो. तारा काढल्या त्या दिवशी दात नव्या जागी पोहोचलेले असतात, परंतु भोवतालचे हाड अजून पुरते पक्के झालेले नसते आणि तंतूंची नवी मांडणीही पूर्ण झालेली नसते. तारा निघाल्यानंतर प्रत्येक दात चावताना स्वतंत्रपणे किंचित हलू लागतो, तेव्हाच मुळाभोवतीच्या तंतूंची फेरमांडणी नीट सुरू होते आणि तिला साधारण तीन ते चार महिने लागतात. हिरडीतील तंतू त्याहून चिवट असतात. त्यांपैकी लवचीक तंतू ताणलेल्या अवस्थेतून सैल व्हायला एक वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो, आणि तोपर्यंत ते दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात.

ही ओढ सर्व दातांना सारखी नसते. मुळाभोवती फिरलेला, म्हणजे वाकडा वळलेला दात सरळ केला असेल तर तो परत फिरण्याचा कल सर्वांत जास्त असतो. वरच्या दोन पुढच्या दातांमधली फट बंद केली असेल तर ती पुन्हा उघडण्याची शक्यताही बरीच असते. अशा दातांसाठी काही वेळा हिरडीतील ताणलेले तंतू एका छोट्या शस्त्रक्रियेने मोकळे केले जातात. ती केली तरी रिटेनर टळत नाही.

दिवसातून किती तास आणि किती महिने घालावा लागतो?

पूर्वीपासून चालत आलेला आणि आजही अनेक ऑर्थोडॉन्टिस्ट सांगतात तो क्रम असा आहे की पहिले तीन ते सहा महिने खाणे आणि दात घासणे सोडून सर्व वेळ, म्हणजे दिवसाचे सुमारे २० ते २२ तास रिटेनर घालावा आणि त्यानंतर तो फक्त रात्री झोपताना वापरावा. पारदर्शक रिटेनरवर झालेल्या काही अभ्यासांत सुरुवातीपासून केवळ रात्री घालणाऱ्यांचे दातही जवळपास तितकेच स्थिर राहिल्याचे दिसले आहे, त्यामुळे काही ऑर्थोडॉन्टिस्ट पहिल्या दिवसापासून रात्रीचाच वापर सुचवतात. या दोन सल्ल्यांमध्ये विरोध वाटला तरी निवड रुग्णाने स्वतःच्या सोयीने करायची नसते. ज्याचे दात फार फिरलेले होते, ज्याच्या दातांत मोठ्या फटी होत्या किंवा ज्याच्या हिरड्यांचा आधार कमी झालेला आहे, त्याला अधिक तास सांगितले जातात आणि त्यामागे ठोस कारण असते.

तासांइतकेच महत्त्व नियमितपणाला आहे. आठवडाभर न घालता एका सुटीच्या दिवशी अखंड घातल्याने राहिलेले तास भरून निघत नाहीत, कारण मधल्या दिवसांत दात सरकून गेलेले असतात.

म्हणजे रिटेनर आयुष्यभर घालायचा का?

दात जसे आहेत तसेच राहावेत असे वाटते तोपर्यंत घालायचा, हे याचे प्रामाणिक उत्तर आहे. हे उत्तर अनेकांना निराश करते हे मला माहीत आहे, पण ते आधीच सांगितलेले बरे. उपचारानंतरचे पहिले वर्ष सर्वांत धोक्याचे असते हे खरे, तरीही त्यानंतर दात कायमचे स्थिर होतात असे नाही. ज्यांनी कधीही तारा लावलेल्या नाहीत अशा लोकांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर गर्दी करू लागतात, कारण जबड्यात, हिरड्यांत आणि ओठ, गाल व जीभ यांच्या दाबात आयुष्यभर बारीक बदल होत राहतात. रिटेनर केवळ उपचाराचे फळ राखत नाही, तर वयाने होणारा हा बदलही आवरतो. काही वर्षांनंतर रात्री एक आड एक किंवा आठवड्यातून काही रात्री घालणे पुरेसे ठरू शकते, पण तो निर्णय तपासणीनंतर घ्यावा. एखादी रात्र सोडल्यावर दुसऱ्या रात्री रिटेनर घट्ट लागत असेल तर दात अजून सरकत आहेत, एवढे त्यावरून निश्चित समजावे.

रिटेनरचे प्रकार कोणते आणि त्यांतला चांगला कोणता?

मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला अॅक्रिलिकची (कडक प्लास्टिकची) पट्टी आणि स्टेनलेस स्टीलची तार असलेला. चार्ल्स हॉले यांनी तो १९१९ मध्ये मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याची पट्टी वर टाळूला किंवा खाली जिभेच्या बाजूला बसते आणि तार पुढच्या दातांवरून जाते. तो मजबूत असतो, त्याची तार थोडीफार घट्ट करता येते आणि चावण्याच्या पृष्ठभागावर काही आवरण नसल्यामुळे वरखालचे दात एकमेकांवर नैसर्गिकपणे टेकत राहतात. मात्र तार दिसते आणि सुरुवातीला बोलण्यावर त्याचा परिणाम अधिक होतो.

दुसरा प्रकार पारदर्शक प्लास्टिकचा. दातांच्या साच्यावर तापवलेला पातळ पत्रा दाबून तो बनवला जातो आणि दातांवर आवरणासारखा बसतो. तो जवळजवळ दिसत नाही, म्हणून लोक तो आनंदाने घालतात. रिटेनरच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही. परंतु तो झिजतो, त्याला तडे जातात आणि उष्णतेने तो वाकडा होतो. सैल झाल्यावर त्याची दुरुस्ती होत नाही, नवाच करावा लागतो. वरचा जबडा रुंद केलेला असेल तर लवचीक पारदर्शक रिटेनरपेक्षा टाळूला टेकणारी अॅक्रिलिकची पट्टी ती रुंदी अधिक भक्कमपणे धरून ठेवते.

तिसरा प्रकार फिक्स्ड, म्हणजे पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला चिकटवलेली बारीक तार. ती बहुधा खालच्या जबड्यात एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत असते. ती घालण्याची आठवण ठेवावी लागत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि तिच्यामागे अन्न व किटण साचते, हा तिचा सर्वांत मोठा दोष.

यांतला एकच प्रकार सर्वांसाठी श्रेष्ठ आहे असे सिद्ध झालेले नाही. माझ्या मते, नियमित घातला जाणारा साधा रिटेनर हा डबीत पडून राहणाऱ्या उत्तम रिटेनरपेक्षा केव्हाही बरा, म्हणून निवड करताना आपल्या सवयींविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. अनेकांना खाली चिकटवलेली तार आणि तिच्यावरून रात्री घालायचा पारदर्शक रिटेनर असे दोन्ही दिले जातात.

रिटेनर घातल्यावर बोलताना अडखळायला होते आणि तोंडात लाळ साचते. हे थांबेल का?

थांबते. तोंड या नव्या वस्तूला सुरुवातीला अन्न समजते, म्हणून लाळ वाढते. जीभही ‘स’ आणि ‘श’सारख्या उच्चारांसाठी नवी जागा शोधत असते. रोज काही वेळ मोठ्याने वाचन केल्यास बहुतेकांचे बोलणे काही दिवसांत पूर्ववत होते. बोलता येत नाही म्हणून रिटेनर काढून ठेवत राहिल्यास मात्र ही सवय लांबते.

रिटेनर काढण्याची आणि घालण्याची योग्य पद्धत कोणती?

हात धुऊन, आरशासमोर, बोटांनी तो दातांवर सरळ बसवावा आणि दोन्ही बाजूंनी सारखा दाब द्यावा. दातांत चावून बसवू नये. पुष्कळ पारदर्शक रिटेनर याच सवयीमुळे तडकतात. काढताना आधी मागच्या दातांकडून, दोन्ही बाजू थोड्या थोड्या सैल करत पुढे यावे. एकाच बाजूने ओढल्यास प्लास्टिक वाकते. हॉले रिटेनर पुढची तार धरून ओढू नये, अडकवण्याच्या कड्यांजवळ धरून काढावा. जिभेने तो खालीवर करत राहण्याची सवय मुलांना हमखास लागते, आणि तिने तार सैल होते.

जेवताना आणि काही पिताना तो काढावा का?

खाताना काढावा. फिक्स्ड तार अर्थातच काढता येत नाही, त्यामुळे ती असणाऱ्यांनी कडक पदार्थ पुढच्या दातांनी तोडू नयेत आणि चिकट पदार्थ टाळावेत.

पिण्याच्या बाबतीत पाण्याखेरीज सर्व पेयांसाठी रिटेनर काढावा, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. गरम पेयाने प्लास्टिकचा आकार बिघडतो आणि रंगीत पेयाने डाग पडतात, पण खरा धोका साखरेचा आणि आम्लाचा आहे. लाळ एरवी दातांवरचे आम्ल धुऊन टाकते व सौम्य करते. गोड किंवा आंबट पेय पारदर्शक रिटेनरच्या आत शिरले की ते दातांशी कोंडून राहते आणि लाळ तेथे पोहोचत नाही. हे रोज घडत राहिले तर दातांवर पांढरे चट्टे आणि पुढे कीड दिसू लागते, तीही नुकत्याच सरळ केलेल्या दातांवर. खाल्ल्यानंतर दात घासून, निदान खळखळून चूळ भरून मगच रिटेनर पुन्हा घालावा.

रिटेनर रोज कसा स्वच्छ करावा?

तोंडातून काढल्याबरोबर, लाळ वाळण्यापूर्वी, तो थंड किंवा कोमट पाण्याखाली धुवावा. त्यानंतर मऊ केसांचा वेगळा ब्रश आणि भांडी धुण्याच्या सौम्य द्रव साबणाचा एखादा थेंब घेऊन तो आतून बाहेरून हलक्या हाताने घासावा व भरपूर पाण्याने धुवावा. पारदर्शक रिटेनरला टूथपेस्ट लावू नये, कारण तिच्यातील घासणारे कण प्लास्टिकवर बारीक चरे पाडतात आणि त्या चऱ्यांत जंतूंचा थर घट्ट बसतो. रिटेनर धुताना बेसिनमध्ये थोडे पाणी भरून ठेवावे किंवा रुमाल अंथरावा, म्हणजे हातून निसटला तरी तडा जात नाही.

उकळते पाणी, भांडी धुण्याचे यंत्र, मायक्रोवेव्ह आणि हेअर ड्रायर यांपासून तो दूर ठेवावा. निर्जंतुक करण्याच्या हेतूने उकळलेला पारदर्शक रिटेनर क्षणात आकसतो आणि पुन्हा दातांवर बसत नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतही तो ठेवू नये. ब्लीच आणि अल्कोहोल असलेला माउथवॉशही वापरू नये, आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या माउथवॉशमध्ये बुडवून ठेवल्यास तपकिरी डाग पडतात.

रिटेनरला वास येतो आणि त्यावर पांढरा कडक थर जमला आहे. काय करावे?

वास जंतूंच्या थराचा असतो आणि पांढरा कडक थर हे लाळेतील क्षारांचे किटण असते. आठवड्यातून एकदोनदा कवळी किंवा रिटेनर स्वच्छ करण्याच्या गोळीच्या द्रावणात, पाकिटावर लिहिले असेल तितकाच वेळ तो बुडवावा आणि नंतर नीट धुवावा. तार असलेला रिटेनर असेल तर ती गोळी धातूला चालते का हे पाकिटावर पाहावे. हलके किटण पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून त्यात पंधरावीस मिनिटे ठेवल्यास मऊ पडते आणि ब्रशने निघते. टणक थर सुरीने किंवा टोकदार वस्तूने खरवडू नये, तो दवाखान्यात काढून घ्यावा.

डबीही धुवावी. रिटेनर रोज धुऊन तो न धुतलेल्या डबीत ठेवणारे पुष्कळ लोक आहेत. डबीला हवा खेळण्यासाठी छिद्रे असावीत आणि ती साबणाने धुऊन कोरडी करावी.

फिक्स्ड तार असताना दातांच्या फटी कशा साफ करायच्या?

तार दातांना जोडलेली असल्यामुळे फ्लॉस, म्हणजे फटी साफ करण्याचा दोरा, वरून खाली ओढता येत नाही, तो तारेखालून ओवावा लागतो. त्यासाठी प्लास्टिकची जाड, सुईसारखी दोरा-ओवणी मिळते, तसेच एका टोकाला कडक असलेला तयार फ्लॉसही मिळतो. फ्लॉस तारेखालून आत घेतल्यावर फटीतून हिरडीपर्यंत न्यावा, दोन्ही दातांच्या बाजूंवर घासावा आणि एका बाजूने ओढून काढावा. फटींत मावेल अशा आकाराचा बारीक ब्रश अधिक सोपा पडतो. पाण्याच्या फवाऱ्याचे यंत्र अन्नकण काढण्यास उपयुक्त आहे, तरी दाताला चिकटलेला थर त्याने पूर्ण निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या मागे लाळग्रंथींची तोंडे उघडतात, म्हणून किटण जमण्याची सर्वांत आवडती जागा तीच आणि तारही नेमकी तेथेच असते. घासताना ब्रश उभा धरून दातांच्या मागच्या बाजूला वेळ द्यावा आणि दंतवैद्यांकडे ठरावीक काळाने सफाई करून घ्यावी.

चिकटवलेली तार सुटली आहे हे कसे ओळखावे?

अनेकदा ती एकाच दातावरून सुटते आणि दुखत नसल्यामुळे कळत नाही. जिभेला नवे टोक लागणे, एखाद्या दातामागे अन्न अचानक जास्त अडकणे किंवा नखाने हलके दाबल्यावर तार हलणे ही लक्षणे असतात. असे झाल्यास काही दिवसांतच वेळ घेऊन दाखवावे आणि तोपर्यंत जुना काढता येणारा रिटेनर बसत असेल तर रात्री घालावा. टोक टोचत असेल तर त्यावर ऑर्थोडॉन्टिक मेण लावता येते. तार स्वतः कापू किंवा वाकवू नये, तुटलेला तुकडा गिळला किंवा श्वासनलिकेत जाऊ शकतो.

एक दुर्मिळ पण गंभीर प्रकारही लक्षात ठेवावा. तार सर्व दातांना चिकटलेली असूनही कालांतराने तिच्यात ताण निर्माण होतो आणि एखादा दात पुढे किंवा मागे कलू लागतो, त्याचे मूळ हिरडीतून बाहेर डोकावू लागते. तार शाबूत आहे म्हणून दात सुरक्षित आहेत असे गृहीत धरू नये. अशा वेळी ती तार काढावीच लागते.

काही दिवस घातला नाही, आता रिटेनर घट्ट बसतो. चालेल का?

तो दातांवर पूर्ण बसत असेल आणि केवळ दाब जाणवत असेल तर काही दिवस जास्तीत जास्त वेळ घालावा. सहसा घट्टपणा कमी होतो. मात्र दात आणि प्लास्टिक यांच्यात फट दिसत असेल, रिटेनर डुगडुगत असेल किंवा बसवताना तीव्र वेदना होत असतील तर जोर लावू नये. न बसणारा रिटेनर जबरदस्तीने घातल्याने दात पूर्ववत होत नाहीत, उलट दाताला इजा होऊ शकते किंवा रिटेनर तुटतो. ऑर्थोडॉन्टिस्टकडे लगेच जावे. थोडे सरकलेले दात काही वेळा मोजक्या अलाइनरनी परत आणता येतात. रागावतील या भीतीने भेट लांबवणाऱ्यांचे नुकसान मात्र दर आठवड्याला वाढत जाते.

रिटेनर हरवला किंवा तुटला तर किती दिवस थांबता येईल?

थांबू नये. त्याच दिवशी दवाखान्यात कळवावे, विशेषतः तारा काढून वर्ष झाले नसेल तर. अलाइनरने उपचार झाले असतील आणि शेवटचा संच जपून ठेवला असेल तर तो तात्पुरता घालता येईल का हे विचारावे. दातांचे डिजिटल स्कॅन जतन केलेले असल्यास आणि दात सरकलेले नसल्यास नवा रिटेनर लवकर बनतो. तुटलेला रिटेनर घरच्या गोंदाने चिकटवू नये. तो गोंद तोंडासाठी नसतो आणि जोडलेला भाग पूर्वीच्या आकारात कधीच बसत नाही.

पुष्कळ रिटेनर जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ठेवल्यामुळे कचऱ्यात जाऊन हरवतात. घरात कुत्रा असेल तर रिटेनर उंच, बंद जागी ठेवावा, कारण लाळेच्या वासामुळे कुत्री तो चावून टाकतात.

अक्कलदाढा येताना पुढचे दात ढकलतात, म्हणून त्या काढाव्यात का?

हा समज फार जुना आहे, परंतु पुढच्या दातांची गर्दी टाळण्यासाठी अक्कलदाढा काढण्याला उपलब्ध पुरावा आधार देत नाही. ज्यांना अक्कलदाढा नाहीत किंवा ज्यांनी त्या काढल्या आहेत त्यांचेही दात सरकतात. दाढेत संसर्ग, कीड किंवा शेजारच्या दाताला इजा असेल तर ती काढण्याची कारणे वेगळी आहेत.

झोपेत दात खाण्याची सवय आहे. कोणता रिटेनर चालेल?

ही सवय आधीच सांगावी. साधा पारदर्शक रिटेनर दाढांच्या जागी झिजून त्याला भोके पडतात, म्हणून अशा रुग्णांना जाड पत्र्याचा रिटेनर किंवा दातांच्या संरक्षणाचे आणि ते जागेवर राखण्याचे काम एकत्र करणारे आवरण दिले जाते.

खेळताना किंवा एमआरआय तपासणीच्या वेळी काय करावे?

अंगाला अंग भिडते अशा खेळांत काढता येणारा रिटेनर डबीत ठेवून दातांचे संरक्षक कवच घालावे. एमआरआयच्या वेळी काढता येणारा रिटेनर बाहेर ठेवावा. चिकटवलेली तार सहसा काढावी लागत नाही, पण तिच्यामुळे चेहरा व डोक्याच्या प्रतिमा काही प्रमाणात बिघडू शकतात, म्हणून तंत्रज्ञांना आधी सांगावे.

दातात सिमेंट भरायचे किंवा कॅप बसवायची आहे. रिटेनरचे काय?

दंतवैद्यांना भेटायला जाताना रिटेनर सोबत न्यावा. दाताचा आकार थोडा जरी बदलला तरी पारदर्शक रिटेनर बसत नाही, त्यामुळे मोठे काम झाल्यावर तो बहुधा नवा करावा लागतो. कॅप आणि नवा रिटेनर यांच्यामध्ये अंतर पडू नये, म्हणून दोन्ही भेटी आधीच ठरवून ठेवाव्यात.

रिटेनर किती काळ टिकतो आणि तपासणीला कधी जावे?

पारदर्शक रिटेनर काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत टिकतो, आणि हॉले रिटेनर नीट जपल्यास त्याहून अधिक. तडा, कडेला खरबरीतपणा, सैलपणा किंवा घासूनही न जाणारा धूसरपणा दिसला की तो बदलावा. पहिल्या वर्षात तपासणीच्या भेटी जवळजवळ असतात आणि त्यानंतर वर्षातून एकदा दाखवणे पुरेसे होते. चिकटवलेली तार असेल तर नेहमीच्या दंतवैद्यांनीही प्रत्येक भेटीत ती प्रत्येक दातावर चिकटलेली आहे का हे तपासावे, आणि ते विसरले तर रुग्णाने स्वतः आठवण करून द्यावी.